झाकली मूठ आणि चव्हाटा

मिरजेच्या ब्राह्मणपुरीत माझ्या मामाचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे वाड्याची पुढची खोली, तीन लोखंडी कपाटं, कपाटांवर फायलींचे गठ्ठे आणि खिडकीपाशी एक संगणक. जुलैच्या अखेरीस एकदा गेलो तेव्हा मामा विवरणपत्रं भरण्यात बुडालेला होता. त्याच्या क्रोमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातलं अपडेटचं बटण लालभडक झालेलं.

"मामा, हे लाल झालंय."

"राहू दे रे. पंधरा दिवस झाले त्याला. ते दाबलं की सगळं बंद होतं, आणि इथं एकतीस तारीख डोक्यावर आलीय."

मी टॅब मोजले. सतरा होते. गप्प बसलो.

त्या बटणाच्या रंगाला अर्थ असतो. नवी आवृत्ती येऊन दोन दिवस व्हायचे असले तर हिरवा, चारेक दिवस झाले की केशरी, आठवडा उलटला की लाल. रंगात दिसत नाही ती गोष्ट अशी की, त्या नव्या आवृत्तीत पुष्कळदा सुरक्षेतली एखादी फट बुजवलेली असते, आणि ती बुजवली त्याच दिवसापासून फट नेमकी कुठे होती हे बाहेरच्यांना शोधता येऊ लागतं. मामा रिटर्न भरत होता त्या पंधरा दिवसांत त्याच्या जुन्या आवृत्तीची कुंडली कुठेतरी कोणीतरी मांडत असण्याची शक्यता चांगलीच होती. ही फट कोणाला सापडते, तो ती कोणाला सांगतो, किती दिवस गप्प राहतो, केव्हा आणि कशासाठी बोलतो, आणि त्याच्या बोलण्याने कोणाचं काय होतं, हा या पुस्तकाचा विषय.

आधी शब्दांचं बोलून घेऊ. सरकारी मराठीत हिला 'भेद्यता' म्हणतात, वर्तमानपत्रांत 'त्रुटी', आणि हिंजवडीच्या बसमध्ये 'व्हल्नरेबिलिटी'. मी फट म्हणतो. दाराच्या फळ्यांत सुताराकडून फट राहते. ती त्याने मुद्दाम ठेवलेली नसते, दार लावलेलंही असतं, तरी तिच्यातून तार घालून आतली कडी उचलता येते. ब्राउझरच्या बाबतीत घडतं ते याहून फार वेगळं नाही.

दुसरा शब्द चव्हाटा. फट जाहीर करणं याला आपल्याकडे सहज तोंडात येणारा प्रयोग 'चव्हाट्यावर आणणं' हाच आहे, आणि त्याला भांडणाचा, बदनामीचा वास आहे. भाऊबंदकी चव्हाट्यावर येते, घरची अब्रू चव्हाट्यावर येते. उलट बाजूला 'झाकली मूठ सव्वा लाखाची'. म्हणजे वाद सुरू व्हायच्या आधीच आपल्या भाषेने निकाल देऊन टाकलेला: झाकणारा शहाणा, उघडं करणारा आगाऊ. हे पुस्तक लिहिताना हा कल मला वारंवार आडवा आला. झाकलेल्या मुठीला खरोखरच सव्वा लाखाहून कितीतरी जास्त भाव मिळतो, तो कोण देतो आणि कशासाठी, हे कळल्यावर मात्र त्या म्हणीकडे बघण्याची माझी नजर बदलली.

मग ब्राउझरच का? फटी तर सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतात. पण अनोळखी माणसांनी लिहिलेला कोड आपल्या यंत्रावर आणून चालवणं हेच ब्राउझरचं काम आहे. तुम्ही बातमी वाचायला पान उघडता, तेव्हा त्या पानासोबत जाहिरातवाल्यांचा, मोजणीवाल्यांचा, आणखी कुणाकुणाचा कोड येतो आणि तुमच्या टेबलावर चालतो. त्याने ठरलेल्या खोलीतच राहावं, एवढीच काय ती हमी. क्रोम बनवणाऱ्यांनीच २०२० मध्ये सांगितलं की त्यांच्याकडच्या गंभीर फटींपैकी साधारण ७० टक्के स्मृतीच्या, म्हणजे मेमरीच्या, हाताळणीतल्या चुकांमुळे होतात, आणि त्यातल्या निम्म्या एकाच जातीच्या. ती जात लॉजच्या उदाहरणाने समजते. पाहुणा खोली सोडून गेला, मॅनेजरने ती खोली दुसऱ्याला दिली, पण जुन्या पाहुण्याकडची किल्ली परत घेतली नाही. आता तो जुनी किल्ली घेऊन आला तर नव्या माणसाच्या सामानात हात घालू शकतो. ब्राउझरमध्ये अशा लाखो खोल्या सेकंदागणिक भरतात आणि रिकाम्या होतात. एखादी किल्ली राहून जाते. हल्ला करणारा तेवढ्याच किल्लीच्या शोधात असतो.

गोष्टीची सुरुवात मात्र मेमरीपासून होत नाही, ती घड्याळापासून होते. १९९५ चा ऑगस्ट. नेटस्केप ही जेमतेम दीड वर्षाची कंपनी शेअर बाजारात उतरली. २८ डॉलरला देऊ केलेला शेअर पहिल्याच दिवशी ७५ पर्यंत गेला आणि ५८ च्या वर स्थिरावला. कंपनीचं ग्राहकांना सांगणं असं की आमच्या ब्राउझरमधून क्रेडिट कार्डाचा नंबर खुशाल पाठवा, वाटेत कोणाला वाचता येणार नाही. सप्टेंबरात बर्कलीच्या विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी, इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी, तो दावा मोडला.

त्यांनी केलं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. मजकूर कुलूपबंद करायला ब्राउझरला दर वेळी एक गुप्त संख्या लागते, आणि ती कोणालाही ताडता येऊ नये. नेटस्केप ती संख्या तीन गोष्टींवरून बनवत होता: त्या क्षणाची वेळ, चालू प्रोग्रामला यंत्राने दिलेला क्रमांक, आणि ज्या प्रोग्रामने त्याला जन्म दिला त्याचा क्रमांक. नवी बॅग घेतल्यावर तिच्या कुलपाला आपण धाकट्या मुलाची जन्मतारीख लावतो, त्यातलाच प्रकार. तारेवरून जाणारी पाकिटं टिपणाऱ्याला वेळ सेकंदापर्यंत ठाऊकच असते. राहिले मायक्रोसेकंद, म्हणजे दहा लाख शक्यता, आणि संगणकाला दहा लाख म्हणजे चहा निवायच्या आतलं काम. हल्ला करणाऱ्याचं त्याच यंत्रावर खातं असेल तर ते दोन क्रमांकही त्याला दिसतात. मग गुप्त संख्या मिळायला एक मिनिटही लागत नव्हतं. विशेष म्हणजे नेटस्केपने आपला कोड कोणाला दाखवलेला नव्हता. या दोघांनी विकत मिळणारा प्रोग्रामच उलगडत उलगडत मागे जाऊन ही रीत शोधली.

सापडल्यावर त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं नाही. सरळ जाहीर करून टाकलं. न्यूयॉर्क टाइम्सने बातमी छापली. नेटस्केपने थोड्याच दिवसांत दुरुस्ती आणली, गुप्त संख्या बनवणारा भाग बाहेरच्या तज्ज्ञांना तपासायला खुला केला, आणि १० ऑक्टोबर १९९५ रोजी जाहीर केलं की आमच्या नव्या आवृत्तीत बग शोधा आणि बक्षीस घ्या. आज ज्याला 'बग बाउंटी' म्हणतात त्या प्रथेची ब्राउझरच्या जगातली ही पहिली दवंडी. चव्हाट्यावर अब्रू गेली त्यानंतर अवघ्या महिन्याभरात. आधी न सांगता जाहीर करणं मला आज पटत नाही, पण त्या दोघांना दोषही देववत नाही. तेव्हा सांगायचं कोणाला हेच ठरलेलं नव्हतं.

पुढची काही वर्षं मी या पुस्तकात भराभर उरकली आहेत, कारण ती बहुतांशी एकाच भांडणाची आवर्तनं आहेत. कंपन्या म्हणायच्या, तुम्ही फटी जाहीर करता म्हणून चोर येतात. शोधणारे म्हणायचे, जाहीर केल्याशिवाय तुम्ही हलत नाही. २००१ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टच्या स्कॉट कल्प यांनी माहितीची ही अराजकता आता संपली पाहिजे असा लेखच लिहिला. त्याच्या महिनाभर आधी निम्डा नावाच्या संगणकी किड्याने जगभर धुमाकूळ घातला होता आणि तो ज्या वाटांनी पसरला त्यातली एक मायक्रोसॉफ्टच्याच इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरमधली फट होती. कल्प यांचा राग समजण्यासारखा होता. पण त्या फटीची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. सहा महिने लोकांनी ती बसवलीच नव्हती. माझ्या मामासारखी माणसं तेव्हाही होती आणि त्यांच्याकडे लाल बटणसुद्धा नव्हतं.

२००६ चा जुलै मात्र थांबून पाहायला हवा. मेटास्प्लॉइट हे हल्ल्यांची चाचणी करणारं साधन बनवणारे एच. डी. मूर यांनी त्या महिन्यात रोज एक ब्राउझरची फट जाहीर करायचं ठरवलं आणि ते पाळलं. बहुतेक फटी इंटरनेट एक्स्प्लोररच्या, थोड्या इतरांच्या. त्यांनी पथ्यही सांभाळलं होतं: ब्राउझर कोसळतो एवढंच दाखवायचं, तिथून आत कसं शिरायचं ते नाही. तर त्यातल्या १८ जुलैच्या फटीवरून सप्टेंबरअखेर कोणीतरी खरा हल्ला तयार केला आणि तो संकेतस्थळांवर पेरला. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती आली १० ऑक्टोबरला. आता यात चूक कोणाची? मूर यांनी दिशा दाखवली हे खरं. पण कंपनीच्या हाती फट जाहीर झाल्यापासून बारा आठवडे होते, हेही तितकंच खरं. त्या प्रकरणाचा मी तीनदा निकाल लिहिला आणि तीनदा खोडला. शेवटी तारखा तेवढ्या ठेवल्या.

याची उलटी बाजू २०१० च्या जानेवारीत दिसली. १२ जानेवारीला गूगलने सांगितलं की चीनमधून आपल्यावर मोठा हल्ला झाला आहे आणि आपल्यासारख्या आणखी निदान वीस कंपन्या त्यात आहेत. पुढे कळलं की शिरकाव झाला तो इंटरनेट एक्स्प्लोररमधल्या फटीतून, मघाच्या लॉजच्या किल्लीच्याच जातीच्या. जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी सुरक्षा संस्थांनी आपल्या नागरिकांना चक्क सांगितलं की दुरुस्ती येईपर्यंत हा ब्राउझर वापरू नका. मायक्रोसॉफ्टने दुरुस्त्यांच्या ठरलेल्या मासिक दिवसाची वाट न पाहता २१ जानेवारीला दुरुस्ती काढली. आणि त्याच वेळी एक गोष्ट बाहेर आली: ही फट त्यांना आधीच्या सप्टेंबरपासून माहीत होती. एका इस्रायली संशोधकाने ती शहाण्यासारखी, गुपचूप, फक्त कंपनीला कळवली होती. दुरुस्ती फेब्रुवारीच्या नेहमीच्या हप्त्यात यायची होती. मधल्या डिसेंबरात दुसऱ्याच कोणीतरी तीच फट वापरली.

या प्रकरणाने माझ्या मनातला एक मोठा गैरसमज काढला. फट म्हणजे कोणाचं तरी गुपित आहे, ते त्याने सांगितलं तरच फुटेल, असं आपण धरून चालतो. फट कोणाच्याच मालकीची नसते. ती त्या प्रोग्रामच्या प्रत्येक प्रतीत, कोट्यवधी टेबलांवर, जशीच्या तशी पडलेली असते आणि पाहील त्याला सापडते. सप्टेंबरात ज्याला सापडली तो गप्प राहिला म्हणून डिसेंबरातला थांबला नाही.

बरं, गुपित कपाटात ठेवायचं म्हटलं तर कपाट तरी भक्कम हवं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची बग नोंदवायची वही सगळ्यांसाठी उघडी असते, पण सुरक्षेच्या फटींची पानं निवडक लोकांनाच दिसतात. ४ सप्टेंबर २०१५ रोजी मोझिलाने कबूल केलं की त्या निवडकांपैकी एकाच्या खात्यातून कोणीतरी ती पानं वाचत होता, निदान वर्षभर. कारण अगदी घरगुती: त्या माणसाने तोच पासवर्ड दुसऱ्या एका संकेतस्थळावर वापरला होता आणि तिथून तो फुटला. चोराने १८५ झाकलेल्या नोंदी वाचल्या. त्यातल्या ५३ गंभीर फटींच्या होत्या. ४३ तर त्याने वाचल्या तेव्हाच बुजवून झालेल्या होत्या. राहिल्या दहा. त्यातल्या दोन आठवड्याच्या आत बुजल्या, पाच ३६ दिवसांच्या आत, आणि तीन उघड्या राहिल्या त्या अनुक्रमे १३१, १५७ आणि ३३५ दिवस.

यातली एक फट प्रत्यक्ष वापरली गेली असं मोझिलाला वाटलं. ऑगस्ट २०१५ मध्ये एका रशियन बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या जाहिरातीतून तिचा फायदा घेणारा कोड फायरफॉक्समधल्या पीडीएफ वाचणाऱ्या भागात शिरत होता आणि वाचकाच्या संगणकातल्या फायली चाळत होता. कुठल्या फायली? सर्व्हरवर फायली चढवायच्या प्रोग्रामांत साठवलेले पत्ते आणि पासवर्ड, लिनक्सवर दिलेल्या आज्ञांचा इतिहास, दुसऱ्या यंत्रात शिरायच्या किल्ल्या. घरफोडी करणाऱ्याने दागिन्यांना हात न लावता फक्त शेजाऱ्यांच्या किल्ल्या उचलाव्यात तसं. एका वाचकाच्या लक्षात आलं, त्याने कळवलं, आणि मोझिलाने दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती काढली. मोझिलाने आकड्यांसकट सगळं सांगितलं, याचं मला कौतुक वाटतं. म्हणून तर आज मला तो ३३५ चा आकडा लिहिता येतो.

आता झाकल्या मुठीचा भाव. मोझिला २००४ पासून गंभीर फटीला ५०० डॉलर आणि एक टी-शर्ट देत होती. २००७ पासून कॅनडात व्हँकुव्हरला पोन-टू-ओन नावाची स्पर्धा भरू लागली: ब्राउझर फोडा, यंत्र घरी न्या, वर रोख बक्षीस. २००९ मध्ये तिथेच चार्ली मिलर आणि त्यांच्या दोन मित्रांनी जाहीर केलं की यापुढे फटी फुकट सांगणार नाही. पुष्कळांना ते लोभीपणाचं वाटलं. मला नाही वाटत. महिना-महिना राबून सापडलेली गोष्ट कंपनीला नेऊन द्यायची आणि आभाराच्या यादीत नाव येण्याची वाट बघायची, हा व्यवहार कधीतरी मोडणारच होता.

मोडला, आणि दोन रस्ते फुटले. २०१२ च्या मार्चमध्ये त्याच व्हँकुव्हरमध्ये ते शेजारीशेजारी दिसले. एका खोलीत सर्गेई ग्लाझुनोव्ह यांनी क्रोम फोडला, कसा ते गूगलला सविस्तर सांगितलं, ६०,००० डॉलर घेतले, आणि गूगलने चोवीस तासांच्या आत दुरुस्ती काढली. दुसऱ्या स्पर्धेत व्ह्यूपेन या फ्रेंच कंपनीनेही क्रोम फोडला, आणि कोठडीतून, म्हणजे पानाच्या कोडला ठरलेल्या खोलीत डांबणाऱ्या सँडबॉक्समधून, बाहेर पडायची रीत मात्र गूगलला दाखवायला नकार दिला. ती त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी होती. गिऱ्हाइकं म्हणजे सरकारं. पुढे २०१५ मध्ये झीरोडियम या दलाल कंपनीने सांगितलं की आयफोनमध्ये ब्राउझरच्या वाटेने शिरण्याच्या एका रीतीला आपण दहा लाख डॉलर देऊ केले आणि कोणीतरी ते मिळवले. मूठ झाकलेली असेपर्यंतच ती एवढी मोलाची. कंपनीला कळली, दुरुस्ती आली, की भाव पडला. म्हणजे विकत घेणाऱ्याचा सगळा फायदा तुमच्या-माझ्या ब्राउझरमधली फट उघडी राहण्यात असतो.

सरकारांचा प्रश्न सोपा नाही, आणि त्यावरचं प्रकरण लिहिताना माझी सगळ्यात जास्त दमछाक झाली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने मुलांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य पसरवणाऱ्या एका लपलेल्या संकेतस्थळाच्या सभासदांची ओळख पटवण्यासाठी, वापरणाऱ्याची ओळख लपवणाऱ्या टॉर ब्राउझरमध्ये शिरायचं तंत्र वापरलं. टॉर ब्राउझर फायरफॉक्सवर बांधलेला आहे. २०१६ मध्ये त्यातून उभ्या राहिलेल्या एका खटल्यात मोझिला न्यायालयात गेली: फट आमच्या कोडमध्ये असेल तर आरोपीच्या वकिलांना दाखवण्याआधी आम्हाला सांगा, म्हणजे आम्ही ती सगळ्यांसाठी बुजवू. सरकारने सांगितलं नाही. उलट मार्च २०१७ मध्ये त्या खटल्यातल्या आरोपीवरचे आरोपच मागे घेतले. आरोपी सुटलेला परवडला, पण मूठ उघडायची नाही. ज्यांना चव्हाटा हा शब्द सरसकट वाईट वाटतो त्यांनी हे प्रकरण आधी वाचावं.

या सगळ्यातून निघालेली आजची तडजोड म्हणजे घड्याळ. जुलै २०१४ मध्ये गूगलने प्रोजेक्ट झीरो नावाचं पथक उभं केलं. त्याचा नियम सरळ: फट सापडली की बनवणाऱ्याला कळवायची, त्या दिवसापासून ९० दिवस मोजायचे, आणि दुरुस्ती येवो न येवो, जाहीर करायची. पुढे त्याला थोडी माणुसकीची ठिगळं लागली. दुरुस्ती अगदी तोंडावर असेल तर चौदा दिवस वाढवून द्यायचे. २०२१ पासून, वेळेत दुरुस्ती आली तर ती लोकांपर्यंत पोहोचावी म्हणून तपशील आणखी तीस दिवस राखून ठेवायचा.

मला हा नियम आवडतो आणि त्यातलं एक कुसळही दिसतं. नियम करणारा स्वतःच ब्राउझरच्या बाजारात बसला आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रोजेक्ट झीरोच्या इव्हान फ्रॅट्रिक यांनी मायक्रोसॉफ्टच्या एज आणि इंटरनेट एक्स्प्लोररमधली एक फट कळवली. नव्वद दिवस फेब्रुवारीच्या अखेरीस भरत होते. नेमका तो फेब्रुवारीचा दुरुस्तीचा हप्ता मायक्रोसॉफ्टने रद्द केला. घड्याळ थांबलं नाही. फट जाहीर झाली आणि दुरुस्ती आली १४ मार्चला. मायक्रोसॉफ्टने याची परतफेड त्याच वर्षी केली. सप्टेंबरात त्यांच्या माणसांनी क्रोममधली फट शोधून गूगलला कळवली आणि ऑक्टोबरात त्यावर लिहिताना बोट ठेवलं ते भलत्याच जागी: गूगलने फट चारच दिवसांत दुरुस्त केली, पण ती दुरुस्ती उघड्या कोडमध्ये सगळ्यांना दिसत होती आणि लोकांच्या हातातला क्रोम मात्र अजून तसाच होता.

हा टोमणा होता, पण बिनतोड होता, आणि माझ्या मते या विषयाचा आजचा गाभा तिथेच आहे. क्रोम आणि फायरफॉक्स यांचा बराचसा कोड खुला आहे. दुरुस्ती केली की ती जाहीरच होते. कोणती ओळ काढली, कोणती घातली, सोबत कुठली चाचणी जोडली, हे वाचून फट कुठे होती ते ओळखता येतं. पायपुसणं नीट सरळ करून ठेवलं की किल्ली कुठे असते ते गल्लीला कळतं, तसं. एप्रिल २०२१ मध्ये एका भारतीय संशोधकाने हेच करून दाखवलं. पोन-टू-ओनमध्ये आदल्याच आठवड्यात वापरलेली क्रोमची फट कोडमध्ये दुरुस्त झाली होती, लोकांपर्यंत पोहोचली नव्हती. त्याने दुरुस्ती वाचली आणि १२ एप्रिलला चालणारा नमुना सर्वांसमोर ठेवला. तो नमुना एकटा कोठडीबाहेर नेत नव्हता, म्हणून अनर्थ टळला. गूगलची नवी आवृत्ती दुसऱ्या दिवशी आली. त्याने उगाच घाई केली, असं माझं मत आहे. पण त्याने वाचलं ते वाचायला दुसरं कोणी बसलेलं नव्हतं, असं कोण म्हणेल?

तेव्हा चव्हाटा टाळायचा हा पर्यायच ब्राउझरच्या जगात आता उरलेला नाही. उरतं ते अंतर, कोडमधली दुरुस्ती आणि टेबलावरची दुरुस्ती यांच्यातलं. क्रोमने ते आधी पस्तीसएक दिवसांवरून पंधरावर आणलं आणि ऑगस्ट २०२३ पासून दर आठवड्याला सुरक्षेची नवी आवृत्ती काढायला सुरुवात केली. मिरजेतलं बटण एवढ्या वरचेवर रंग बदलतं ते यामुळे.

कमी सांगण्यानेही घात होतो, त्याचं उदाहरण त्याच वर्षीच्या सप्टेंबरातलं. ॲपल आणि टोरोंटोची सिटिझन लॅब ही संशोधन संस्था यांनी गूगलला एक फट कळवली, ती ११ सप्टेंबर २०२३ रोजी 'क्रोममधली' म्हणून दुरुस्त आणि जाहीर झाली. तपशील नेहमीप्रमाणे राखून ठेवलेला. प्रत्यक्षात ती क्रोमची नव्हतीच. वेबपी नावाच्या चित्रप्रकाराची चित्रं उलगडणारा कोडचा एक सामायिक तुकडा आहे, तो फायरफॉक्समध्ये आहे आणि पोटात क्रोमियम, म्हणजे क्रोमचा खुला गाभा, घेऊन फिरणाऱ्या असंख्य ॲपमध्ये आहे. आपण क्रोम वापरत नाही म्हणून निश्चिंत बसलेल्यांना कित्येक दिवस कळलंच नाही की फट आपल्याही घरात आहे. चव्हाट्यावर आणायचंच तर पत्ता तरी पुरा सांगावा.

आपल्याकडे हे सगळं पोहोचतं ते बातमीच्या रूपात. सर्ट-इन ही २००४ पासून काम करणारी केंद्र सरकारची संस्था क्रोम-फायरफॉक्सच्या फटींची पत्रकं काढते आणि दुसऱ्या दिवशी मराठी संकेतस्थळांवर 'क्रोम वापरताय? सरकारचा गंभीर इशारा' असा मथळा झळकतो. मथळ्यात भीती असते, आत कोणती आवृत्ती हे कधी असतं, कधी नसतं. मामाने असे मथळे इतके वाचलेत की तो आता हवामानाच्या अंदाजासारखे सोडून देतो.

शोधणाऱ्याच्या बाजूने आपल्याकडे एक वेगळीच अडचण आहे, ती मी स्वतः चाखली आहे. ब्राउझर तुमच्या टेबलावर असतो. तो फोडून बघायला कोणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्याचं संकेतस्थळ ही निराळी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या संकेतस्थळावर मी पैसे भरले आणि पावती उघडली. वरच्या पत्त्यात पावतीचा क्रमांक दिसत होता. शेवटचा आकडा चुकून एकने वाढला आणि दुसऱ्याच कोणाची पावती उघडली, नाव, पत्ता, फोनसकट. मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी साहेबांना दिला. साहेबांचा पहिला प्रश्न: "तुम्ही आमच्या सिस्टीममध्ये शिरलात कसे?" दुसरा: "तुमचं पूर्ण नाव सांगा." माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३ वं कलम मालकाच्या परवानगीविना यंत्रात शिरण्याबद्दल आहे, ६६ वं कलम तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर तीन वर्षांपर्यंतच्या कैदेबद्दल. माझा हेतू कसा होता ते मला ठाऊक होतं, साहेबांना पटवता आलं असतं की नाही कोण जाणे. मी 'चुकून झालं' म्हणून फोन ठेवला. ती फट बुजली का, हे बघायला पुन्हा तो आकडा वाढवण्याची माझी छाती झालेली नाही. नेटस्केपला १९९५ मध्ये चव्हाट्यावर बसलेल्या माराने जे कळलं, ते आपल्याकडच्या पुष्कळ ऑफिसांना अजून कळायचं आहे: दारात आलेला माणूस फट दाखवायला आला आहे.

पुढची प्रकरणं काळाच्या क्रमाने लावलेली नाहीत. ज्याला भाव-बाजाराची उत्सुकता असेल त्याने चौथ्यापासून सुरुवात करावी. संख्या आणि घड्याळाचा कंटाळा असेल त्याने दुसरं गाळलं तरी चालेल, मात्र मला ते लिहिताना सगळ्यात जास्त मजा आली. कोणत्याही फटीत शिरायची कृती या पुस्तकात नाही. ब्राउझरच्या ज्या फटींचा तपशील दिला आहे त्या सगळ्या बुजवलेल्या आहेत, निदान ज्यांनी बटण दाबलं त्यांच्या यंत्रावर.

त्या दिवशी रात्री साडेदहाला मामाचं काम आटपलं. "कर तुझं काय ते," म्हणाला आणि चहा टाकायला आत गेला. मी लाल बटण दाबलं. क्रोम मिटला, दोन-चार सेकंदांत पुन्हा उघडला, सतराच्या सतरा टॅब एकामागून एक परत आले. सोळा जसेच्या तसे. सतराव्यात एका सरकारी संकेतस्थळावरचा अर्धा भरलेला फॉर्म होता. तिथे आता 'सत्र संपले आहे, पुन्हा लॉगिन करा' एवढीच ओळ. मामा चहाचे कप घेऊन बाहेर आला, पडद्याकडे बघितलं, आणि माझा कप माझ्यापुढे ठेवत म्हणाला, "बघ. म्हणून नको म्हणत होतो."